सायकलीला होडीचं तेल

नवरा बोटीवर नोकरीला. गणपती आटोपून गेला, तो शिमग्याला येणार. जाताना त्याची ती पातळ टायरांची रेसची सायकल माझ्या गळ्यात घालून गेला. घरात जाळी, बिछाने आणि आम्ही, तिला जागा कुठली? पडवीतच वाशाला दोऱ्या बांधून टांगली. "प्लास्टिक घालू नकोस, आत पाणी सुटतं. रोज सकाळी दव पूस. चेनला तेलाचा थेंब दे. रिमला मात्र तेलाचं बोट लागता कामा नये, ब्रेक धरणार नाहीत." माहेरच्यांनी पाठवणी करतानाही मला एवढं बजावलं नव्हतं.

समोर आगरदांड्याची खाडी. थंडीत पहाटे कौलं टिपकतात आणि त्या दवालाही खार असतो. मी रोज वरची जुनी चादर काढून सायकल पुसायची. सासूबाई म्हणायच्या, "नवऱ्याला कधी इतकं पुसलं न्हाय गो!" सासरे ओट्यावर जाळं दुरुस्त करत बसलेले असायचे. मुलाचा फोन आला तरी "बरा हाय ना? बस!" एवढं लांबूनच ओरडायचे. फोन हातात घेत नसत.

पौषात फोनच थांबले. बोट भर समुद्रात असली की रेंज नसते, हे मला ठाऊक होतं. ठाऊक असून काय उपयोग? मन चिंती ते वैरी न चिंती. त्यात एका सकाळी चेनवर तांबूस ठिपका दिसला. वेडेपणाच, पण वाटायला लागलं, ही गंजली तर तिकडे त्याचं काहीतरी... पुढचं मी मनातसुद्धा बोलले नाही. "बाबा, गंज धरला हो!" एवढंच सासऱ्यांना ओरडून सांगितलं.

दुसऱ्या दिवशी बाजारातून परतले तर पडवीत चार मांजरं जमलेली. सायकल वरपासून खालपर्यंत चपचपीत! बाबांनी होडीला लावायचं माशाचं तेल तिला चोपडलं होतं. हँडल, सीट, रिम, काही म्हणजे काही सोडलं नव्हतं.

"अहो बाबा, काय करून ठेवलंत! ब्रेक लागतील का आता? आल्या आल्या तो उतारावर जाईल, पडेल, मरेल!"

बोलून गेले आणि जीभ चावली. "शुभ बोल गो बाय!" करत सासूबाई आतून धावल्या. बाबा हातातल्या चिंधीकडे बघत राहिले.

"होडी वर घेतली की तेल देतो आमी. खारं लागत न्हाय मंग," ते म्हणाले. "तो पाण्यावर हाय. तिथं माझा हात पोचत न्हाय. हितं पोचला, तितकं केलं."

माझा राग तिथेच ओसरला. मला वाटत होतं, घोर मला एकटीलाच लागलाय.

गरम पाणी, साबण आणि राख घेऊन आम्ही दोघं बसलो. मी पुढचं चाक घेतलं, त्यांनी मागचं. ते ब्रेक दाबून चाक फिरवून बघायचे, घसरलं की पुन्हा घासायचे. तेवढ्यात फोन वाजला. त्याचाच! माझी बोटं तेलासाबणाने बरबटलेली, काचेवरून नुसती घसरत होती. पदराला पुसली तरी तेच. वाजून वाजून बंद पडेल म्हणून मला रडूच फुटलं. बाबांनी फोन माझ्याकडून ओढून घेतला, अंगातल्या गंजीला खसाखसा पुसला, मनगटाने सरकवला आणि जन्मात पहिल्यांदा कानाला लावला.

"सायकल बरी हाय," ते म्हणाले. तिकडून तो "बाबा? बाबा, ऐकू येतंय का?" विचारत होता, आणि बाबा नुसती मान हलवत होते.