मामांचा तिळगूळ

लग्नाला पाच वर्षं झाली तेव्हा मला नाशकातल्या बायकांच्या सगळ्या दवाखान्यांचे जिने पाठ झाले होते. कुठल्या जिन्याला कठडा नाही, कुठल्या दारातून चपला चोरीला जातात, सगळं माहीत. आम्ही सातपूर कॉलनीत दोन खोल्यांत राहायचो. हे तिथल्याच एका कारखान्यात फिटर होते. नव्वदच्या दशकातली गोष्ट. मूल न होणं हा तेव्हा बाईचाच आजार समजत.

माझी फाईल मी साडीच्या दुकानाच्या पिशवीतून न्यायची, म्हणजे बसस्टॉपवर कुणी विचारायला नको. शेजारीण म्हणायची, "काय हो, परत खरेदी?" मी हो म्हणायची. त्यामुळे कॉलनीत माझं नाव उधळी म्हणून झालं होतं, आणि अंगावर मात्र त्याच चार साड्या. या गोष्टीचं मला तेव्हा हसू यायचं. पुढे पुढे यायचं बंद झालं.

आमच्या डॉक्टरीणबाईंनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, "आधी मिस्टरांची तपासणी करून आणा. ती सोपी असते." सोपी असेल, पण यांना तयार व्हायला पाच महिने लागले. शेवटी संक्रांतीचा दिवस ठरला. कारखान्याला सुट्टी, म्हणजे रजेचं कारण सांगायला नको. लॅब त्र्यंबक नाक्यापलीकडे होती. नमुन्याची बाटली अंगाच्या उबेत ठेवायची आणि अर्ध्या तासाच्या आत पोचवायची, असं बजावलं होतं. थंडी मरणाची. मी यांना दोन स्वेटर घालायला लावले, आणि स्कूटर एकदाची गल्लीबाहेर गेली तेव्हा देवापुढे हात जोडले. कशासाठी जोडले, ते मलाही नीट सांगता आलं नसतं.

हे परत आले ते दुपारी दीड वाजता. चेहरा उतरलेला. म्हणाले, "नाक्यावर मामा भेटले. हातात तिळगूळ ठेवला, चहाला नेलं. नाही कसं म्हणणार? पाऊण तास तिथंच गेला. लॅबवाला म्हणाला, आता याचा उपयोग नाही."

मामा म्हणजे यांचे सख्खे मामा, मनमाडला रेल्वेत होते. कामानिमित्त नाशकात येत-जात असायचे. माणूस असा की तिळगूळ हातावर ठेवून, खाईपर्यंत समोर उभा राहणार. सणाच्या दिवशी वडीलधाऱ्याला "घाई आहे" म्हणायची आमच्यात रीतच नाही, आणि खिशात काय आहे ते तर सांगण्यासारखं नव्हतंच. मला पटलं. मी आधी हसले, मग रडले. हे खाली मान घालून म्हणाले, "मला हे परत जमणार नाही." मी म्हटलं, नका करू.

पुढची चूक माझी. डॉक्टरीणबाईंनी विचारलं तेव्हा मी सांगून टाकलं, "यांचा रिपोर्ट नॉर्मल आहे. घरी राहिला." नवऱ्याला तिथं खालमानेनं बसलेलं बघण्यापेक्षा खोटं बोलणं मला सोपं वाटलं. त्यांनीही पुन्हा मागितला नाही. मग दोन वर्षं सगळं माझ्यावर. गर्भनलिकेत औषध सोडून काढलेला फोटो, पोट टम्म होईपर्यंत पाणी पिऊन सोनोग्राफीच्या रांगा, कमरेत इंजेक्शनं, दंडावर सुयांचे काळे डाग. आणि दर महिन्याला पाळीचे तेच चार दिवस येऊन माझी उत्तरपत्रिका कोरी परत द्यायचे.

मन आजारी पडतं असं आमच्याकडे कुणी म्हणत नसे. फार तर म्हणत, "टेन्शन घेऊ नकोस." मी घेत नव्हते, ते आपोआप यायचं. एकदा भाजीबाजारात मेथीची जुडी हातात धरून मी रडायला लागले. मळेवाली बाई घाबरली आणि तिनं आणखी एक जुडी फुकट दिली. बारशाचं बोलावणं आलं की माझं डोकं दुखायचं, खरंखुरं दुखायचं. यांचं वेगळं. हे रविवारीही ओव्हरटाइम घ्यायला लागले. जेवण निम्म्यावर आलं. तिळगूळ पुढे केला की "दात दुखतोय" म्हणायचे. दोघंही दमलेले, आणि दोघांनाही वाटायचं की दुसऱ्याला कळत नाहीये.

घोटीहून सासूबाई यायच्या. भाताची शेती, करारी बाई, मनात एक ओठात एक कधी नाही. एकदा माझ्या देखत यांना म्हणाल्या, "माझ्या भावाच्या गावात एक पोर हाय. गरिबाची हाय, पण नांदंल. हिला काय आपण टाकणार नाय." हे नुसते उठून बाहेर गेले. मला वाटलं, माझ्या बाजूनं एक शब्द बोलले असते तर जीभ झडली असती का?

दोन वर्षांनी मामा रिटायर झाले. त्यांनी सत्यनारायण घातला म्हणून आम्ही मनमाडला गेलो. पंगत उठली, मामा पान जमवत बसले होते. हे बाहेर पाहुण्यांत. मी थट्टेच्या सुरात, पण मनातली जुनी अढी काढायची म्हणून म्हटलं, "मामा, तुमच्या त्र्यंबक नाक्यावरच्या तिळगुळानं आमचं फार नुकसान केलं हं."

"कधी गं?"

"त्या वर्षी नाही का, तुमचा पाय मोडला त्या संक्रांतीला."

मामा चुना लावता लावता थांबले. "अगं, भोगीच्या दिवशीच पडलो ना मी यार्डात! संक्रांतीला तर इथं दवाखान्यात होतो, पाय टांगून. तूच नाही का नंतर लाडू घेऊन बघायला आलेलीस?"

आले होते. प्लास्टरला हातही लावला होता. कधी पडलात, एवढं विचारलं नव्हतं. विचारावंसं वाटलं नाही, की विचारायचं नव्हतं, हे मला अजूनही ठरवता येत नाही.

परतीची एसटी चांदवडला आली. गाडी चहासाठी थांबली, माणसं उतरली, तेव्हा मी विचारलं, "अहो, रिपोर्टात काय होतं?"

यांनी कुठला रिपोर्ट असं विचारलं नाही. म्हणाले, "दोन तास बसवून ठेवलं आणि हातात दिला. एकही नाही, म्हणाला. एकसुद्धा नाही."

"कुठाय तो?"

"गोदावरीत सोडला."

आमच्या नाशकात लोक नदीत काय काय सोडतात. त्यात हेही.

राग त्या रिपोर्टाचा मला एक क्षणही आला नाही, हे देवाशपथ सांगते. राग आला तो दोन वर्षं मला एकटीला त्या टेबलावर झोपू दिलं याचा. मी इंजेक्शन घेऊन लंगडत घरी यायची आणि हे गरम पाण्याची पिशवी भरून द्यायचे. कशी भरवत होती ती पिशवी? मी पंधरा दिवस बोलले नाही. फाईल माळ्यावर टाकली.

अशातच सासूबाई नवे तांदूळ घेऊन आल्या. मी सूप घेऊन तांदूळ निवडायला बसले. त्यांनी पुन्हा त्या पोरीचा विषय काढला. हे दारात उभे होते. या वेळी बाहेर गेले नाहीत. चौकट धरून म्हणाले, "आई, कुणाची पोर आणू नकोस. दोष माझ्यात आहे. हिच्यात काही नाही."

सासूबाईंनी यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "तुला ठावं व्हतं?"

इतके दिवस धरलेला राग ओकून टाकायला याहून चांगली वेळ मिळाली नसती. पण आईसमोर एका दिवशी एकच शरम पुरे, असं मला वाटलं. मी म्हटलं, "हो. पहिल्यापासून."

"मंग एवढ्या सुया कशापायी टोचून घेतल्या गं?"

मी सुपातले खडे वेचायला लागले. तेव्हा हे खाली बसले आणि म्हणाले, "तिला नव्हतं ठाऊक. दोन वर्षं मी लपवलं." आणि लहान मुलासारखे हुंदके देऊन रडायला लागले. मी यांना रडताना पहिल्यांदाच पाहिलं.

सासूबाई मुलाकडे गेल्या नाहीत. त्या सरकत माझ्याजवळ आल्या. माझं कोपर धरून दंड उजेडाकडे वळवला आणि डागांवरून अंगठा फिरवला. भाताच्या कामानं अंगठा पार खरखरीत झालेला.

"लय दुखलं का गं?"

एवढ्या वर्षांत हे मला कुणी विचारलं नव्हतं. मी म्हटलं, "हो आई, दुखलं."