तोंडाची खोळ

प्रवरेच्या डोहात तोंडाला खोळ घालून पोहणारा माणूस आमच्या पंचक्रोशीत एकच होऊन गेला, आणि दुर्दैवाने तो मी.

त्या काळी गावच्या नाटकात बाईचं काम पोरगाच करायचा. आदल्या वर्षीच्या जत्रेत मी नायिका झालो होतो. शेवटी मी विहिरीत उडी घेतली, म्हणजे पडद्यामागे रचलेल्या कडब्यावर पडलो, तेव्हा बायका पदर डोळ्यांना लावून रडल्या. दुसऱ्या दिवशी पाणवठ्यावर एका म्हातारीने माझ्या तोंडावरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडली. झालं, हवा डोक्यात गेली. नाटक चालतं ते माझ्या गोऱ्या तोंडावर, अशी माझी पक्की समजूत झाली. यंदाही नायिका मीच, हे मी कुणालाही न विचारता ठरवून टाकलं. ते काम मला इतकं हवं होतं की दुसरं काही सुचत नव्हतं.

अडचण एकच होती. उन्हाळ्यात दुपारभर डोहात पडून राहायची मला चटक, आणि पाण्यावरच्या उन्हाने तोंड रापतं. लढाईमुळे कापड रेशनवर होतं, म्हणून वडिलांच्या जुन्या धोतराचा तुकडा घेऊन डोक्यापासून गळ्यापर्यंत येईल अशी पिशवी शिवली. डोळ्यांना दोन भोकं ठेवली, तोंडाला एक. नाकाला ठेवायचं काही सुचलं नाही. पहिल्याच बुडीला ओलं फडकं नाकपुड्यांना चिकटलं आणि मी आ वासून कसाबसा काठाला लागलो.

तिथे एक गडी म्हशी धूत होता. "मळणीला बैलाला मुसकी घालत्यात," तो म्हशीलाच म्हणाला, "ह्यो सोताच घालून आलाय!"

मी नाकाशी भोक पाडलं आणि रोज गेलो. पोरं हसायची. कलावंताला एवढं सोसावंच लागतं, असं मी स्वतःला समजावत असे.

तालमी सुरू व्हायच्या आदल्या दिवशी आरशात नीट पाहिलं, मग आरसा पुसून पुन्हा पाहिलं. फडक्याखालचं तोंड गोरंच राहिलं होतं, पण भोकांतून ऊन आत आलं होतं. दोन्ही डोळ्यांभोवती काळी कडी, तोंडाभोवती तिसरं, आणि नाकाचा शेंडा काळाठिक्कर.

दुधाची साय आणि हळद चोपडून तालमीला गेलो. आमच्या शाळेचे मास्तरच नाटक बसवायचे. मी त्यांच्यापुढे मान खाली घालून उभा राहिलो.

"तोंडाचं राहू दे," ते म्हणाले. "सफेदा फासला की सगळी तोंडं सारखीच. तू वाक्य म्हण."

सगळी सारखीच! एवढा उन्हाळा मी ज्याच्यासाठी गुदमरलो, ते तोंड त्यांच्या लेखी कुठेच नव्हतं. तरी मी वाक्य म्हटलं, "नाथ, मला टाकून जाऊ नका." 'नाथ'पर्यंत मी होतो, पुढचं एखादा रेडा बोलला. पोरं लोळायची बाकी राहिली.

"घशात पाणी गेलंय," मी म्हणालो.

मास्तर हसले नाहीत, त्याचंच जास्त लागलं. "पाणी नव्हे रे. तुझा आवाज फुटलाय. सगळ्या गावाला ऐकू येतंय, तुलाच तेवढं कळलं नाही."

नायिका दुसऱ्या पोराला दिली. मला दरवानाचं काम मिळालं. त्याला एकही वाक्य नव्हतं आणि दाढी डोळ्यांपर्यंत होती.

घरी आलो तो गोठ्यात शिरलो. म्हशीच्या आडोशाला बसलो आणि अनावर रडू आलं. वर्षभर उराशी धरलेलं काम हातचं गेलं होतं, खूप वाईट वाटत होतं. मुसमुसायला गेलो तर भसाडा हंबरडा निघाला.

चुलीपाशी आई भाकरी थापत होती. थापण्याचा आवाज एकदम थांबला.

"आगं बया!" ती घाबरून ओरडली, "गोठ्यात कोन बाप्या रडतूय?"

मीच आहे, असं मला सांगवेना. तेही त्याच आवाजात सांगावं लागलं असतं.