मुलांवरची नजर

बी.एड.च्या कॉलेजात शिकवणाऱ्या माणसाजवळ बाकी काही उरो न उरो, किस्से मात्र ट्रंकभर उरतात. सत्तरच्या दशकात मी सोलापुरात तेच काम केलं.

*

सुरुवातीला प्रवेशाला एवढी झुंबड उडायची की आमचे शिपाई रामूमामा यांनी रांगेसाठी व्हरांड्यात दोर बांधला होता. करकंबचे एक शेतकरी मुलाला घेऊन आले. याला शिकवायची आवड आहे का, असं मी विचारलं.

"आवड लागंल की सर. मास्तरला पोरगी लवकर मिळती."

मुलगा लाजला. प्रवेश मात्र झाला!

*

आमचे विद्यार्थी दरवर्षी शेजारच्या शाळेतल्या त्याच त्या वर्गांवर सरावाचे लेसन घेत. एकदा एकजण सुरुवातीचे प्रश्न विचारून झाल्यावर घाबरून गप्पच उभा राहिला. पहिल्या बाकावरची मुलगी हळूच म्हणाली, "सर, आता 'आज आपण पाहणार आहोत' म्हणा."

*

केम गावचा भीमा घरातला पहिलाच पदवीधर. त्याला मास्तरच व्हायचं होतं, दुसरं काही नाही. पण फळ्यावर लिहिताना तो वर्गाला पार विसरायचा. आमचा नियम असा, की अंग तिरकं ठेवायचं आणि मुलांवरची नजर हटू द्यायची नाही. मी दर लेसनला त्याचे गुण कापायचो. सुट्टीत त्याने गोठ्याच्या भिंतीवर लिहून शेळ्यांसमोर सराव केला.

"शेळ्या उठून जात्यात सर," म्हणाला.

शेवटच्या लेसनला नजर वर्गावर राहिली, पण ओळ घसरत खाली गेली. तेही मी शेऱ्यात लिहिलं.

"सरळ बी येईल सर. वर्ग तर मिळू द्या."

*

वर्ग काही मिळाला नाही. शाळांतल्या जागा भरून गेल्या होत्या. आमच्याकडची रांगही आटली. जे येत, त्यांच्या टाचणवहीत बँकेच्या परीक्षेचं गाइड सापडे. रामूमामा त्या दोरावर धोतर वाळत घालू लागले आणि मी त्यांना कधी बोललो नाही. तो गोंगाट, ती ढकलाढकली मला अजून हवीशी वाटते.

*

पुढे एकदा कुर्डुवाडीला गाडी बदलायला उतरलो. गाड्यांचा उशीर खडूने लिहायच्या फळ्याशी भीमा उभा, रेल्वेच्या गणवेशात. अंग तिरकं, नजर फलाटावर. समोर पेंगणारी माणसं, एक आजीबाई आणि बाकाला बांधलेल्या तिच्या दोन शेळ्या. खडू चालला होता आणि ओळ अगदी सरळ होती.

लिहून झाल्यावर त्याने हात झटकले आणि विचारलं, "समजलं का सगळ्यांना?"

कोणी मान वर केली नाही. मागच्या बाकावरून मी हात वर केला.