खोट्या गंजाची टाकी

आर्या आणि नील,

माझ्या शेडमधला रंगाचा स्प्रे मारायचा कंप्रेसर गेल्या आठवड्यात विकला. परवा फोनवर नीलने विचारलं, "आजी, तू कंटाळलीस का?" मी "नाही रे" म्हणून विषय बदलला. खरं उत्तर फोनवर मावणारं नव्हतं. तुम्हा दोघांना मराठी वाचता येतंय तोवर ते लिहून पाठवते. पुढे तुमच्या बाबाला भाषांतर करायला लावाल, आणि त्याला माझी निम्मी वाक्यं गाळायची सवय आहे.

शेवटच्या मोठ्या कामाचं सांगते. त्या दिवशी सकाळी माझ्या टेबलावर मोटरसायकलची पेट्रोलची टाकी होती आणि टेबलाच्या दोन बाजूंना दोन माणसं उभी होती, निर्मळ गावचे इनासभाऊ आणि त्यांचा मुलगा ग्लेन. दोघं एकमेकांशी बोलत नव्हते. जे काही बोलायचं ते माझ्याकडे बघून.

"आंटी, डॅडींना विचारा, त्यांनी हे का केलं."

"बाई, याला सांगा, आमच्या घरात गंजलेलं सामान ठेवत नाहीत."

टाकीची उजवी बाजू गंजलेली दिसत होती. डावी बाजू लखलखत होती. गंजलेली बाजू माझ्या हातची होती.

तुम्हाला माझं नोकरीतलं काम माहीत आहे. रंगाच्या कारखान्यात शेड मॅचिंग, म्हणजे गिऱ्हाइकाने आणलेल्या तुकड्याशी रंग तंतोतंत जुळवून देणं. रिटायर झाल्यावर गिरीजला घरामागच्या शेडमध्ये तेच काम मी मला हवं तसं सुरू केलं. प्लास्टिकची मॉडेल किट, गिटार, मोटरसायकलच्या टाक्या. लोक वस्तू घेऊन येत आणि मी ती त्यांना हवी तशी रंगवून देई.

याच्या मुळाशी पंक रॉक आहे. कॉलेजात असताना बोटीवर नोकरी करणाऱ्या एका मामेभावाने मला एक कॅसेट आणून दिली. तीन कॉर्ड, आरडाओरडा आणि दोन मिनिटांत गाणं संपलं. माझे कपाटातले रुमालसुद्धा रंगाप्रमाणे लावलेले असत, आणि मला हे गाणं आवडलं. का, ते नेमकं सांगता येत नाही. बहुधा असं की त्या मुलांनी शिवण लपवली नव्हती. जे जोडलं होतं ते जोडलेलं दिसत होतं. शेडमध्ये काम करताना मी अजूनही तेच लावायचे. दारातून आत येताच इनासभाऊंचा पहिला प्रश्न होता, "आत कोणाला मारतायत का?"

ग्लेन चाळिशीचा, बँकेत नोकरी करणारा. शनिवारी तो मित्रांबरोबर पंक वाजवतो. सुरुवातीला तो गिटार घेऊन आला होता. नवी कोरी, लाल, चकचकीत. त्याला ती वीस वर्षं वाजवल्यासारखी हवी होती. त्यासाठी मॉडेलवाले वापरतात तो मिठाचा उपाय मी केला. आधी खालचा रंग द्यायचा, तो वाळला की पाण्याने ओला करून त्यावर जाडं मीठ भुरभुरायचं, ते चिकटून वाळलं की वरून दुसरा रंग मारायचा. मग मीठ खरवडून काढायचं. मीठ होतं तिथे वरचा रंग बसत नाही, आणि टवके उडाल्यासारखं दिसतं. आपल्याकडच्या मिठागराचं खडेमीठ या कामाला बाजारातल्या पुडीपेक्षा चांगलं. खडे लहानमोठे असतात, म्हणून टवके खरे वाटतात.

गिटार बघून ग्लेन इतका खूश झाला की महिन्याने मोटरसायकलची टाकी घेऊन आला.

"आंटी, सेम टू सेम. पण गंज पायजे. फुल गंज."

"गाडी कोणाची?"

"आपलीच. डॅडींची होती, आता मी चालवतो."

"डॅडींना विचारलंस?"

"त्यांना म्हायतीय."

लोखंडाला मीठ लावत नाहीत, एवढं वसईत राहणाऱ्या कोणालाही कळतं. म्हणून टाकीसाठी वेगळी पद्धत. खालचा मूळ काळा रंग आणि त्यावरची हाताने ओढलेली सोनेरी रेघ तशीच ठेवली. वर पातळ, विटका थर. त्यावर स्पंजाने तपकिरी आणि नारिंगी तेलरंगाचे ठिपके. खाचांमध्ये कोरडी रंगाची पूड. हे सगळं वाळलं की शेवटी क्लिअर, म्हणजे बिनरंगी संरक्षक थर. तेलरंग सावकाश वाळतो, म्हणून क्लिअर आठवड्याने मारायचं ठरलं. तेवढ्यात ग्लेन म्हणाला, "आंटी, नुसती फिट करून बघतो, उद्या आणतो." आणि टाकी घरी घेऊन गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी इनासभाऊंनी गाडी बघितली.

केळी आणि फुलांच्या वाडीवर आयुष्य काढलेला माणूस. ही गाडी त्यांनी फुलांच्या करंड्या स्टेशनवर पोचवायला घेतली होती. गावात समुद्राचा वारा येतो, सायकलची चेन महिन्यात लाल होते. इनासभाऊ रोज संध्याकाळी गाडी फडक्याने पुसून आत घेत. मुलाकडे दिली आणि हे. मुलगा झोपलेला होता. त्यांनी रॉकेल, नारळाचा काथ्या आणि झिरो नंबरचा पॉलिशपेपर घेतला आणि ओट्यावर बसून मुलाच्या गाडीचा गंज काढायला लागले. डावी बाजू झाली तेव्हा ग्लेन उठला.

"मी त्याला सरप्राइज देत होतो," इनासभाऊ मला म्हणाले. "आणि हा माझ्यावर ओरडला. बायको ऐकत होती, शेजारी ऐकत होते."

"डॅडी, तो गंज नव्हता. पेंट होता."

"बाई, मला गंज कळत नाही असं हा सांगतोय."

मला वाटलं, एवढंच असेल तर सोपं आहे. कापसाच्या बोळ्याला रॉकेल लावून उजव्या बाजूवर फिरवलं. तपकिरी रंग बोळ्यावर आला. बोळा इनासभाऊंच्या हातात दिला. त्यांनी तो चिमटीत चोळला, नाकाला लावला. जवसाच्या तेलाचा वास येतो, तो लपत नाही.

"रंग आहे," ते म्हणाले.

ग्लेनने सुस्कारा सोडला. तो जरा लवकर सोडला.

"म्हणजे मुद्दाम? चांगल्या गाडीला? हे कसले भिकेचे डोहाळे? गंज लागला असता तर मी समजलो असतो, की पोरगा आळशी आहे. आळशी पोरं असतात. तू गंज आणलास. बाहेरून करून आणलास!"

"डॅडी, जुन्या गाड्यांच्या शोमध्ये सगळ्यांच्या गाड्या शोरूमसारख्या असतात. आपली कष्टाची दिसायला पायजे होती. तुमचे कष्ट दिसायला पायजे होते."

"माझे कष्ट गंजलेले दिसतात तुला?"

ग्लेन टाकीच्या झाकणाशी चाळा करू लागला.

"मी ती रोज पुसत होतो. ते कष्ट होते. गाडी चांगली राहिली, ते कष्ट होते." मग ते माझ्याकडे वळले. "बाई, आरसी बुक माझ्या नावावर आहे. उद्या तुळिंजचा भंगारवाला येतोय. गंजच आवडतो ना याला? अख्खी गाडीच देतो."

ते चिडून बोलत नव्हते. चिडलेला माणूस निवळतो. हे ठरवून बोलत होते. ग्लेनचा चेहरा उतरला. त्याच गाडीवर तो गाडी चालवायला शिकला होता.

मी खुर्चीवर बसले. मुलांनो, त्या सकाळी मला या दोघांपैकी कोणालाच समजावणं सुचत नव्हतं. मला दम लागत होता. डॉक्टरांनी स्प्रेचं काम बंद करायला सांगून बरेच दिवस झाले होते. मास्क लावूनही रात्रभर खोकला येई. त्यात एका टाकीवर दोन गिऱ्हाइकं, आणि घासून उघड्या पडलेल्या पोलादाला आमच्या हवेत लागणारा खरा गंज वाट बघत थांबत नाही.

"हे बघा," मी म्हटलं. "माझी छाती आता दोन बाजूंना पुरणार नाही. एकच बाजू करून देईन. डावी पुन्हा गंजवू, नाहीतर उजवी पुन्हा काळी करू. काय ते तुम्ही ठरवा. मी चहा टाकते."

चहा घेऊन आले तेव्हा दोघं बोलत होते. भांडतच होते, पण आपापसात, त्यांच्या घरच्या बोलीत. मला ती अर्धीच कळते. इनासभाऊ टाकीवरून हात फिरवत होते. काही जागी त्यांनी पार पोलादापर्यंत घासलं होतं, काही जागी जुना काळा रंग होता, आणि मधून ती सोनेरी रेघ, अर्धी झिजलेली.

"डावी मी केलीय," ते मला मराठीत म्हणाले. "तिला कोणी हात लावायचा नाही."

"मग उजवी माझी," ग्लेन म्हणाला. "तिला तुम्ही हात लावायचा नाही."

"त्या घाणीला कोण हात लावतोय?"

"आणि भंगारवाला?" मी विचारलं.

इनासभाऊंनी बशीत चहा ओतला. "त्याला जुना पंप देतो. बिचारा एवढ्या लांबून येणार."

म्हणजे रंगवायचं काहीच उरलं नाही. फक्त क्लिअर. तिथेही तंटा झालाच. इनासभाऊंना चकाकी हवी, ग्लेनला मॅट, म्हणजे बिलकुल न चमकणारं. मी सोळा आणे शिस्तीची बाई. टाकीच्या मधोमध, झाकणाच्या दोन्ही अंगांना, मास्किंग टेप लावून एक सरळ रेघ आखली. डावी बाजू पुसून तेलकटपणा काढला आणि तिला त्याच दिवशी ग्लॉस मारलं. थोडं मारायचं, बाहेर येऊन केळीखाली बसायचं, मग पुन्हा आत. उजवीचे तेलरंग वाळू दिले आणि तिला नंतर मॅट.

"उघड्या पोलादावर क्लिअर फार वर्षं टिकत नाही," मी इनासभाऊंना आधीच सांगितलं.

"नाही टिकलं तर परत घासू," ते म्हणाले.

ग्लेन गाडी शोला घेऊन गेला. परत आल्यावर त्याचा फोन आला. आवाजात आनंद होता आणि थोडी चीडही.

"आंटी, सगळे डाव्या बाजूचेच फोटो काढत होते. विचारत होते, हे कोणी केलं, कुठला आर्टिस्ट."

"मग काय सांगितलंस?"

"सांगितलं, निर्मळचे आहेत. दुसऱ्यांची कामं घेत नाहीत."

मी हसले आणि मग बराच वेळ खोकत राहिले. तेव्हाच ठरवलं, आता पुरे. म्हणून नील, मी कंटाळले नाही. दमले. दोन्हींत फरक आहे, आणि तो तुला माझ्या वयाला कळेल.

या धंद्यातून शिकले ते एवढंच. गिऱ्हाईक एक असतं, पण वस्तूचे मालक किती आहेत ते काम हातात घेण्याआधी विचारावं. आणि ज्याने ती वस्तू रोज पुसली आहे, त्याला स्वतः जाऊन विचारावं.

शेडमध्ये आता केळीचे घड असतात. गाडी चालू आहे. रविवारी इनासभाऊ तिच्यावर मागे बसून चर्चमध्ये मिसाला जातात. डाव्या बाजूची सोनेरी रेघ अजून आहे. उजव्या बाजूचा खोटा गंज शाबूत आहे. खरा अजून लागलेला नाही.

तुमची,
आजी