भागूबाईंचा ओव्हर

भागूबाई हे काही त्यांचं खरं नाव नव्हतं. वयानं मोठ्या बाईला तोंडावर ‘भित्री भागूबाई’ म्हणायला कुणाची जीभ रेटेना, म्हणून दवाखान्यानं पहिला शब्द गाळला आणि उरलेला आदरानं वापरायला सुरुवात केली. एका नव्या डॉक्टरनं तर वर्षभर तेच खरं नाव समजून हाक मारली. बाईंनीही मुकाट्यानं ओ दिली. डॉक्टरची चूक दाखवायची म्हणजे पुन्हा भीतीच की!

नर्सच्या नोकरीत त्यांची हयात गेली, आणि ती सगळी धास्तीत गेली. लिफ्ट मध्येच अडकेल, ऑक्सिजन ऐन वेळी संपेल, आपण घोटभर पाणी प्यायला बसू आणि नेमक्या तेव्हाच मेट्रन येतील. घड्याळं दुरुस्त करणारा त्यांचा नवरा म्हणायचा, “हिला घरात पालीची भीती, दवाखान्यात मेट्रनची, आणि बाकी जगाची दोन्हीकडे.” पण या भीतीच्या जोरावर कित्येक पेशंट आपल्या पायांनी घरी गेले, हे त्याला कुणी सांगावं? इंजेक्शन भरताना बाई बाटलीवरचं नाव वाचत, भरल्यावर पुन्हा वाचत आणि टोचायच्या आधी आणखी एकदा. धीट नर्सेस हसत. हसू देत. माझ्या उशाशी मात्र भित्रीच नर्स द्या बुवा.

पाळी बदलताना जाणारी नर्स येणारीला खाटेखाटेपाशी नेते. याचं काल ऑपरेशन झालंय, याला ताप आहे, याच्या नळीवर लक्ष ठेव, असं सगळं सांगते. याला ओव्हर देणं म्हणतात. शेवटच्या खाटेपाशी येणारी म्हणते, “घेतला.” तो शब्द तोंडातून निघाला की वॉर्ड तिचा, आणि पुढं काही बरंवाईट झालं तर गळा तिचाच. शब्द निघाला नाही, तर जाणारीला घरी जाता येत नाही.

महिन्यापूर्वी मेडिसिन वॉर्डातल्या एका नर्सनं असाच ओव्हर घेतला होता. पेशंट पन्नासाच्या वर आणि ती एकटी. एका टोकाला सलाईन लावत होती, तेव्हा दुसऱ्या टोकाचे आजोबा खाटेवरून पडले आणि गेले. नातेवाइकांनी तिला केस धरून ओढलं. मग व्यवस्थापनानं चौकशी बसवली. तिच्यासोबत दुसरी नर्स का दिली नव्हती, हे त्या चौकशीत कुणी विचारलंच नाही. ‘तुम्ही घेतला म्हणालात ना?’ एवढंच विचारलं आणि तिला घरी बसवलं.

त्या दिवसापासून नर्सेसचं धाबं दणाणलं होतं. सायकल स्टँडच्या मागे युनियनची बैठक भरली. एकीचं म्हणणं, युनियन फक्त वर्गणीपुरती येते. दुसरीचं म्हणणं, इथं नुसतं उभं राहिलं तरी बदली ठरलेली. तिसरी म्हणाली, संप केला तर मरणार पेशंट, साहेब नाही. युनियनचा सेक्रेटरी म्हणजे ऑपरेशन थिएटरमधले पुरुष नर्स, सगळ्यांचे ब्रदर. त्यांनी सगळ्यांचं ऐकून घेतलं.

“संप नाही,” ते म्हणाले. “काम कुणीच सोडायचं नाही. पेशंटला पाणी द्या, औषध द्या, सगळं करा. फक्त वॉर्डात एकटी असाल तर ‘घेतला’ म्हणू नका. सोमवारी दुपारपासून.”

सोमवारी दुपारी एकटी नर्स लावलेला वॉर्ड एकच होता, सर्जरीचा. नर्स कोण, तर भागूबाई. ते कळल्यावर सगळ्यांचे चेहरे पडले. ब्रदरांनी कपाळाला हात लावला.

ही बातमी मेट्रनच्या कानावर जायला कितीसा वेळ लागणार? दुसऱ्याच दिवशी बाईंना बोलावणं आलं. दोघी एकाच बॅचच्या. एकीनं खुर्ची मिळवली, दुसरी अजून खुर्चीसमोर उभीच होती.

“बस गं,” मेट्रन म्हणाल्या. “पेन्शन तोंडावर आलीय तुझी. या वयात असले उद्योग कशाला? तुझी लेकही नर्स झाली, लहान मुलांच्या वॉर्डात रमलीय म्हणे. कंत्राटावर आहे ना ती? कंत्राट संपत आलंय. माझ्याच सहीला येईल.”

मेट्रननी आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं. ओरडणाऱ्या माणसाला घाबरायची बाईंना सवय होती, या गोड बोलण्याची नव्हती. त्या बाहेर पडल्या आणि जिन्याचा कठडा धरून थोडा वेळ उभ्या राहिल्या.

घरी लेकीला सांगितलं, तेव्हा ती कणीक मळत होती. तिनं मान वर केली नाही.

“नसेल जमत तर नको करूस, आई. मी काही म्हणणार नाही. पण माझ्यासाठी गप्प बसलीस असं कुणाला सांगू नकोस. ते ओझं माझ्या डोक्यावर नको.”

सोमवारी बाई वॉर्डात शिरल्या त्या जीव मुठीत धरूनच. सकाळच्या पाळीची नर्स बाळंतपणाच्या रजेवरून नुकतीच परतली होती. बाळ घरी सासूजवळ. सकाळभर पाजलं नव्हतं, त्यामुळे तिच्या युनिफॉर्मवर दुधाचे दोन ओले डाग उमटले होते आणि ती फाइल छातीशी धरून ते झाकत होती. दोघी खाटेखाटेपाशी गेल्या. खाटा भरल्या होत्याच, जमिनीवरही गाद्या होत्या. शेवटच्या गादीपाशी दोघी थांबल्या.

“म्हणा ना, सिस्टर,” ती बाळंतीण हळूच म्हणाली.

व्यवस्थापन कशाच्या भरवशावर निवांत आहे, ते बाईंना त्या क्षणी लख्ख दिसलं. साहेबाचं काहीच अडणार नव्हतं. घरी रडणार होतं ते हिचं बाळ. एकीनं नाही म्हणायचं आणि शिक्षा दुसरीला, अशीच ही सगळी मांडणी होती.

“नाही घेत,” बाई म्हणाल्या. आवाज इतका बारीक की त्यांना पुन्हा म्हणावं लागलं. “मी जात नाहीये कुठं. काम सगळं करते. पण घेत नाही. तुला थांबावं लागेल गं. माफ कर मला.”

त्या पोरीचे डोळे भरले. तिनं एकदा दाराकडे पाहिलं, मग फाइल टेबलावर ठेवली. “थांबते,” म्हणाली. “सासूबाईंना कळवते वाटी-चमच्यानं पाजायला.”

दोघींनी कामाला हात घातला. बाईंना पट्टीचं टोकच सापडेना. दारात पावलं वाजली की त्या मान वळवून बघत. अखेर ती पावलं मेट्रनचीच निघाली. त्यांच्या मागून एक नर्स येत होती.

“ही घे दुसरी नर्स,” मेट्रन म्हणाल्या. त्यांच्याही कपाळावर घाम होता, वरून कुणीतरी चांगलंच झापलं असावं. “झालं तुझ्या मनासारखं? आता घे ओव्हर आणि हिला घरी जाऊ दे.”

एवढ्यावर मिटतंय! बाईंना हायसं वाटलं, हसूही आलं. शब्द अगदी ओठांवर आला, आणि तेवढ्यात त्यांनी त्या दुसऱ्या नर्सचा चेहरा पाहिला. ती लहान मुलांच्या वॉर्डातली, लेकीच्याच पाळीची जोडीदारीण होती.

“तू इथं? मग तिकडं कोण आहे?”

बाईंनी टेबलावरचा फोन उचलून वरच्या मजल्यावर, मुलांच्या वॉर्डात लावला. बराच वेळ वाजल्यावर लेकीनं घेतला. मागं मुलांचं रडणं ऐकू येत होतं.

“ओव्हर घेतलास?”

“दोघींनी मिळून घेतला, आई. मग तिला खाली नेलं. आता नाही कसं म्हणू, घेऊन झालाय ना? एका बाळाला फिट येतेय, ठेवते.”

फोन कट झाला. कुणा आजोबांना सांभाळायला एकटी उभी असलेली ती मेडिसिनची नर्स, तिचे ओढलेले केस, हे सगळं बाईंना लेकीच्या रूपात दिसायला लागलं. आजवरच्या सगळ्या भीती त्यांना या भीतीपुढं पोरखेळ वाटल्या.

“तू पळ,” त्या जोडीदारिणीला म्हणाल्या. “वर जा. फिट आलीय एकाला.”

ती मेट्रनकडे न बघताच पळाली.

“मग घे एकटीनं,” मेट्रन कडाडल्या.

“नाही घेत, मॅडम.” बाईंनी खाटेचा दांडा घट्ट धरला. “बाहेरून आणा दुसरी. वॉर्डावॉर्डातून फिरवलेली नको.”

“लेकीच्या कंत्राटाचं काय होईल, याचा विचार केलायस?”

“कंत्राट गेलं तर लेक घरी येईल,” बाई म्हणाल्या. बोलताना त्यांना रडू फुटलं, पण दांडा त्यांनी सोडला नाही. “वर एकटी राहिली आणि उद्या तिच्या हातून एखादं मूल गेलं, तर घरी काय येईल, मॅडम? तुम्हीही नर्स होतात.”

मेट्रननी फोन ओढून व्यवस्थापकांचा नंबर फिरवला. पलीकडे घंटा वाजत होती आणि उचलत कुणीच नव्हतं. दोघींचेही कान मात्र वरच्या मजल्याकडे लागले होते.