खोक्यावरचं कुंकू

विकलेल्या प्रत्येक खोक्याच्या कोपऱ्यावर हळदीकुंकवाचं बोट टेकवायचं, वरून दोनदा थोपटायचं आणि गिऱ्हाइकाला म्हणायचं, "ने बिनधास्त. मी हावो ना." टीव्ही असो की मिक्सर, यात कधी बदल नाही. तुमच्याही गावात असा एखादा दुकानदार असेल, निदान काल-परवापर्यंत असेल.

वाशीमच्या बाजारात माझं दूध-दह्याचं दुकान, आणि समोर त्यांचं टीव्ही-फ्रीजचं. सगळे त्यांना भाऊ म्हणत, मीही. माझ्या दुकानातला फ्रीज त्यांनीच दिलेला. त्याच्या गॅरंटीचा कागद मी कुठे ठेवला ते मला तेव्हाही माहीत नव्हतं. फ्रीज कुरकुरला की रस्त्यापलीकडे हाक मारायची. भाऊ येत, डोळे मिटून फ्रीजला कान लावत, मग वाटीभर दही मागत आणि ते संपल्यावरच काय बिघडलंय ते सांगत. पुष्कळदा मला वाटे, फ्रीजला काहीच झालेलं नाही, यांनाच दही हवंय.

मग लोक दुकानात येऊन टीव्ही बघायला लागले आणि मागवायला लागले मोबाइलवरून. भाऊंनी वर्षभर मोबाइलला शिव्या घातल्या आणि शेवटी स्वतःच एका साइटवर माल टाकला. कंपनीची परवानगी दुकानातून विकायची होती, साइटवरून नव्हे. मी तसं म्हटलंही. ते म्हणाले, "माल कंपनीचा, खोकं सीलबंद. गॅरंटी काय रस्त्यात सांडते?"

कुरिअरवाला यायच्या आधी ते खोक्याला कुंकू लावत, थोपटत, आणि समोर गिऱ्हाईक नसल्यामुळे "मी हावो ना" हे खोक्यालाच सांगत. आम्ही हसायचो. तेही हसत.

एका दुपारी मेडशीच्या एक बाई बसस्टँडवरून ऑटो करून टीव्ही घेऊन आल्या. अंगणवाडीत नोकरीला होत्या, भाऊंचं जुनं गिऱ्हाईक. "जय भीम, भाऊ," म्हणत त्यांनी खोकं काउंटरवर ठेवलं. पुण्यातल्या मुलाने मोबाइलवरून घेऊन दिलेला टीव्ही महिन्याभरातच काळा पडला होता. कंपनीचा माणूस घरी येऊन सांगून गेला की या साइटला कंपनीची मान्यता नाही, तेव्हा वॉरंटी विसरा. बिलावर साइटचंच नाव, विकणारा कोण ते कळायला मार्ग नाही. मग बाईंनी सरळ वाशीमची गाडी धरली. कुठूनही घेतला तरी टीव्हीची गॅरंटी म्हणजे भाऊ, असाच त्यांचा हिशोब होता.

मी दह्याची रिकामी वाटी परत आणायला तिथे गेलो होतो. भाऊंनी आणि मी खोक्याच्या कोपऱ्याकडे एकदमच पाहिलं.

"दुकानदार कोन हाये मले ठाव नाई," बाई म्हणाल्या. "पन मानूस चांगला असन. आमी कुकू मानत नाई, तरी पुसलं नाई. चांगल्या मनानं लावलं असन ना त्यानं."

भाऊ त्या डागावरून नुसतं बोट फिरवत राहिले. त्यांना गप्प बसता आलं असतं. टीव्ही दुरुस्त करून दिला असता, तर बाईंनी वर उपकारच मानले असते.

"बाई, तो दुकानदार मीच हावो," ते म्हणाले.

ज्या टीव्हीवर आम्ही सगळे क्रिकेट बघायचो तो भाऊंनी भिंतीवरून उतरवला, पुसला आणि बाईंच्या ऑटोत नेऊन ठेवला. कुंकू लावलं नाही, थोपटलंही नाही. बाई ऑटोत बसून क्षणभर थांबल्या. बहुतेक नेहमीचं वाक्य ऐकायला थांबल्या असतील. भाऊ मान खाली घालून दुकानात गेले.

पुढे कंपनीला कळलं आणि एजन्सी गेली. साइटवरच्या गिऱ्हाइकांचे फोन लांबलांबून येत, भाऊ होईल तेवढं निस्तरत. पण ते वाक्य मी त्यांच्या तोंडून पुन्हा ऐकलं नाही. शेवटी दुकान आवरून ते पुण्याला मुलीकडे गेले. त्यांच्या दुकानात आता मोबाइलची कव्हरं मिळतात.

खरं सांगतो, मला त्यांची फार आठवण येते. दुपारी गर्दी ओसरली की अजूनही हात वाटीकडे जातो.

यंदाच्या उन्हाळ्यात फ्रीज घरघरायला लागला तेव्हा मी पुण्याला फोन लावला. "जवळ धर त्याच्या," भाऊ म्हणाले. मी फोन फ्रीजला टेकवून उभा राहिलो. बाहेर ऑटोवाला मालेगाव-मेडशीचे पॅसेंजर बोलावत होता, केळीवाली कुणाशी तरी भांडत होती, समोरच्या कव्हरवाल्याने शटर वर ढकललं. शेवटी मीच विचारलं, "काय झालं असन त्याले, भाऊ?"

"काई नाई झालं," ते म्हणाले. "तू धरून ठेव थोडा येळ."

फ्रीज मी त्याच आठवड्यात एका मेकॅनिककडून नीट करून घेतला. भाऊंना ते सांगितलेलं नाही. बाजार भरात असला की मी फोन लावतो आणि म्हणतो, "भाऊ, पुन्हा आवाज करून राह्यला."