दातात धरलेला ताव

मंसाराम गेल्याची बातमी मला सौंदडच्या टेसनावर लागली. गोंदियाहून येणाऱ्या गाडीतून माझं थोडं सामान यायचं होतं, ते उतरवून घ्यायला गेलो होतो. चिचगडकडचा एक ओळखीचा माणूस तिथं पिंपळाखाली बसला होता. त्यानं आधी धानाचं विचारलं, मग बैलांचं विचारलं, अन् उठता उठता सहज आठवल्यासारखं म्हणाला, "तुमचा तो लाखवाला गेला ना गा." मी विचारलं, कधी. म्हणाला, झाले काही रोज, तुमाले कोणी सांगतलं नाई का... मला कोण सांगणार? मंसारामचं अन् माझं बोलणं बंद होतं हे साऱ्यांना माहीत होतं. मी सामान गाडीत टाकलं, बैल जुंपले अन् घरी आलो. रडलो नाही. राग आला होता. तो अजून गेला नाही, म्हणून हे लिहून राहिलो आहे.

मागं वर्तमानपत्राच्या याच पुरवणीत कोणीतरी गोंदियाच्या लाखेवर मोठा लेख लिहिला होता. सोन्यासारखी पिवळी लाख, कलकत्त्याच्या बाजारात तिचा मान, विलायतेत तिची मागणी, असं सारं त्यात होतं. शेठलोकांची तारीफ होती. ती लाख पिवळी कशी होते, हे मात्र त्यात नव्हतं. मी तिसरीतून उठलेला माणूस आहे. ऱ्हस्वदीर्घ छापणाऱ्यांनी पाहून घ्यावं, पण मी जे म्हणतो ते बदलू नये.

आमच्या गावची जानकी चिचगडला मंसारामला दिली होती. जानकी मला दादा म्हणायची, म्हणून मंसाराम मला साळेबुवा म्हणायचा. भर बाजारात, लांबून, साऱ्यांना ऐकू जाईल असं. माझं नाव डोमा आहे हे तो विसरलाच होता. त्यानंच मला गोंदियाला लाखेच्या भट्टीवर नेलं. तेव्हा आम्ही दोघंही तरणे होतो, अन् पावसाळा सरला की गावात हाताला काम नव्हतं.

ज्यांनी भट्टी पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगतो. पळसाच्या अन् कुसुमाच्या फांदीवर किडा लाख धरतो. ती खरडून, कुटून, हौदात पायानं तुडवून धुवायची. लाल पाणी निघून जातं, दाणा उरतो. तो वाळवून लांबलचक कापडी पिशवीत भरायचा. पिशवी म्हणजे सदऱ्याची बाही समजा, पण एका माणसापासून दुसऱ्या माणसापर्यंत लांब. तिचं एक टोक मी धरून कोळशाच्या भट्टीपुढं बसायचो, दुसऱ्या टोकाला जानकी पीळ द्यायची. आचेनं लाख वितळली की पिळानं कापडातून बाहेर यायची, मधासारखी. तेवढा पीळ देऊन जानकी थांबायची. मी ती लाख गरम पाण्याच्या मडक्यावर पसरवायचो, तिची भाकरीएवढी जाड चकती व्हायची, अन् मग ती मंसारामच्या हातात जायची. तो भट्टीसमोर उभा राहून ती ओढायचा. खालची कड दोन्ही पायांच्या अंगठ्यांत, बाजूच्या कडा हातांत, अन् वरची कड दातांत. आचेला नेऊन, मागं वाकून, असा काही ताणायचा की त्या चकतीचा माणसाएवढा ताव व्हायचा. इतका पातळ की त्याच्या आरपार मला मंसारामचं तोंड दिसायचं. त्याचा ताव निघाला की जानकीनं पुढचा पीळ द्यायचा. आमचं तिघांचं असं चालायचं, एका लयीत. तोंडानं कोणी काही सांगत नव्हतं.

त्याचा ताव पाहायला लोक यायचे हे खरं आहे. भट्टीच्या शेठचे पाहुणे यायचे, एकदा कोणी गोरा साहेबही आला होता. मंसारामला ते आवडायचं. लोक उभे दिसले की तो ताव अजून पातळ काढायचा, अन् दातातून सोडून झाला की माझ्याकडं पाहून म्हणायचा, "साळेबुवा, आहे का तुमच्या सौंदडात कोणी?"

आता पिवळ्याचं. लाख आपल्या रंगानं तांबूस निघते, काकवीसारखी. कलकत्त्याला ती पिवळी पाहिजे होती. म्हणून दाण्यात हरताळ घालायचे. हरताळ म्हणजे पिवळा दगड, पापुद्रे सुटणारा. तो पाट्यावर पाणी घालून गंधासारखा वाटायचा. हे काम मंसाराम दुसऱ्या कोणाला करू द्यायचा नाही, कारण तावाचा रंग त्याच्या नावावर जायचा. त्याची बोटं पिवळी, नखं पिवळी. त्याच बोटांनी तो भाकर खायचा, अन् तोच ताव दातात धरायचा. उंदराला घालायचा सोमल आम्हाला माहीत होता. हरताळात तोच सोमल आहे हे आम्हाला कोणी सांगितलं नाही. ज्यांना माहीत असेल त्यांनी सांगितलं नाही, असंही मी म्हणतो.

पहिले त्याच्या तळहातांना घट्टे आले, भट्टीवर येतात त्याहून वेगळे, बारीक, टोचणारे. मग छातीवर काळे ठिपके, धुळीत पावसाचे थेंब पडावे तसे. तो म्हणायचा, आचेनं होते. एक रोज तो ताव ओढत असताना मला जळक्या चामडीचा वास आला. पाहतो तर गरम लाख त्याच्या अंगठ्याला चिकटली होती अन् अंगठा भाजत होता. मंसारामचं लक्ष तावाकडं. मी ओरडल्यावर त्यानं खाली पाहिलं. त्याला कळलंच नव्हतं. आम्ही पाणी ओतलं, अन् तो आपल्या पायाकडं असा पाहत राहिला जसा तो पाय दुसऱ्याचा आहे.

जानकी अन् मी त्याला ओढत दवाखान्यात घेऊन गेलो. डॉक्टरनं पाय पाहिले नाहीत, हात पाहिले. नखांवरच्या आडव्या पांढऱ्या रेघा पाहिल्या अन् विचारलं, काय काम करतोस. सारं ऐकून त्यानं एवढंच सांगितलं की पिवळी पूड सुटली तर वाचशील, न सुटली तर पाय जातील, मग बाकीचं जाईल. साध्या शब्दांत सांगितलं. तिघांनाही समजलं.

मंसारामनं जे करायचं ते केलं, हेही लिहिलं पाहिजे. तो शेठकडं गेला अन् म्हणाला, हरताळ न घालता एक ढीग काढू द्या, कलकत्तेवाल्याला दाखवा. शेठ वाईट माणूस नव्हता. कधी आवाज चढवून बोलला नाही. म्हणाला, निकालो. आम्ही साधा माल काढला. तसा माल मी आयुष्यात पुन्हा पाहिला नाही, तांबूस, स्वच्छ, उन्हात धरला तर डोळ्याला थंड वाटावा असा. कलकत्त्याचा दलाल आला, त्यानं एक तुकडा खिडकीपाशी नेला, परत आणून ठेवला अन् म्हणाला, "फीका है." बस, एवढंच. ठोकून पाहिला नाही, वितळवून पाहिला नाही.

त्याच रोजी दुपारी शेठच्या गादीवर तो दलाल फोनो वाजवून राहिला होता. शेठच्या घरासाठी भेट आणली होती. मंसाराम अन् मी दाराशी उभे होतो, साध्या ढिगाचं काय करायचं ते विचारायला. दलाल खुशीत होता. आम्हाला बोलावून म्हणाला, देखो, तुम्हारी लाख इसी में जाती है. अन् त्यानं गाण्याची तबकडी मंसारामच्या हातात दिली. मंसारामनं ती नाकाशी नेली, वास घेतला. नखानं कड घासली. मग मला म्हणाला, "लाखच आहे." अन् दलालाकडं वळून म्हणाला, "पण हे तं काळं आहे."

दलाल म्हणाला, काजळी पड़ती है, काला तो करना ही पड़ता है.

"मंग पिवळा कोणासाठी?"

दलाल हसला. रागानं नाही, लेकराला समजवावं तसा हसला, अन् त्यानं आपल्या डोळ्यावर बोट ठेवलं. "आँख के लिए, भैया. खरीदनेवाले की आँख के लिए."

मंसारामनं तबकडी दोन्ही हातांनी जपून परत दिली. त्याच्या जागी मी असतो तर गुडघ्यावर आपटून फोडली असती. बाहेर आल्यावर तसं म्हणालो तर मलाच म्हणतो, "कायले? मेहनतीची चीज आहे."

त्यानंतर शेठनं त्याला गोंदाच्या गोदामात जागा देतो म्हटलं. भट्टीच्या मागंच गोदाम होतं. जंगलातून कुल्लूच्या झाडाचा गोंद यायचा, तो निवडायचा, साल अन् माती वेगळी करायची. पाण्यात टाकला की फुगून लापशीसारखा होणारा गोंद, दवाईत जातो म्हणत. तिथं आच नाही, हरताळ नाही. पण तिथं साऱ्या बायका बसायच्या. जानकी माझ्याकडं आली अन् म्हणाली, "दादा, तुमी सांगा त्याले. माझं आईकत नाई."

मी सांगितलं. शिव्या देऊन सांगितलं. तो खाटेवर पाय पसरून बसला होता.

"डोमा," तो म्हणाला. त्यानं नावानं हाक मारली तेव्हाच मला समजलं की हा ऐकणार नाही. "माझा ताव पाहाले लोक थांबते. गोंद निवडताना कोण थांबन?"

"मरशील तेव्हा थांबन," मी म्हणालो.

"तेवा तं मी पाहाले नाई राहणार."

मी त्याला बांबूचा चिमटा करून दिला, दातांऐवजी तावाची कड धरायला. हरताळ निदान तोंडात तरी जाऊ नये. त्यानं काही रोज वापरला. ताव थोडा जाड निघायचा, पण निघायचा. मग बाजूच्या भट्टीवरचे लोक विचारायला लागले, काऊन गा मंसाराम, भाकर उलटवून राहिला का? साध्या गमतीनं विचारायचे. सारे ताव ओढणारेच होते, साऱ्यांच्या तोंडात तोच ताव होता. एका सकाळी चिमटा कोळशात जळताना मला दिसला, अन् मंसारामच्या दातात ताव होता.

त्या हप्त्यात मी भट्टी सोडली. भट्टीपुढं बसणारा अन् ताव ओढणारा यांची जोडी असते, एक उठला तर दुसऱ्याचा हात रिकामा होतो. माझा हिशोब तोच होता. पण शेठनं त्याला लगेच दुसरा माणूस दिला, अन् मंसारामनं त्याच्यासोबत काम सुरू केलं. मी सौंदडला येऊन धान लावला. मग लढाई लागली अन् भट्ट्या कधी थंड झाल्या नाहीत. सरकारलाही लाख पाहिजे होती, अन् तीही पिवळीच.

आमची शेवटची भेट देवरीच्या रस्त्यावर झाली. मी बैल पाहायला गेलो होतो. समोरून दमणी आली, जानकी हाकत होती, तो मागं गवतावर बसला होता. पायांवर घोंगडी. गोंदियाचं सारं आटोपून ते गावी चालले होते. त्यानं दमणी थांबवायला सांगितली.

"साळेबुवा, काऊन बोलत नाई?"

"तू आईकत नाई म्हणून."

"आता कोणाचं आईकू," तो म्हणाला. "माझे पायच माझं आईकून नाई राहिले." अन् हसला. जानकी हसली नाही. मीही हसलो नाही, बाजूला झालो, दमणी गेली. लोक मला म्हणतात, तेव्हा दोन गोड शब्द बोलायचे होते. काऊन? मी बरोबर होतो. तो मेला म्हणून मी चूक होत नाही. उलट, तो जिता राहून मला चूक ठरवता तर मी देवरीच्या बाजारात साऱ्यांसमोर त्याचे पाय धरले असते.

मेल्यावर माणसाचे गुण सांगावे असा रिवाज आहे, म्हणून सांगतो. त्याच्यासारखा ताव ओढणारा मी पाहिला नाही. त्या तावानंच त्याला खाल्लं, अन् तो ताव कुठंतरी काळा होऊन गाणं म्हणत असेल. ऐकणाऱ्यांनी खुशाल ऐकावं.

मागच्या महिन्यात मी गोंदियाला गेलो, जानकीला भेटायला. चिचगडला जमीन तेवढी नव्हती, म्हणून ती परतली होती. ती मला भट्टीच्या मागं, गोंदाच्या गोदामात सापडली. बायकांच्या रांगेत, भिंतीला पाठ लावून, समोर गोंदाचा ढीग. मला पाहून उठली नाही, फक्त डोक्यावरचा पदर ओढला. मी विचारलं, इथं कशी. म्हणाली, "बसून काम आहे दादा. सावली आहे." मग, हात न थांबवता, म्हणाली, "त्याले म्हणलं होतं मी, दोघंबी बसू. मी बाजूले असली तं कोणाची मजाल होती हासाची..." मी दारातल्या पोत्यावर बसून राहिलो.

बोटं चिकट झाली म्हणून तिनं बादलीतला फडका उचलला अन् पिळायला घेतला. एक पीळ दिला अन् तिचे हात तसेच थांबले. फडक्यातून अजून पाणी ठिबकत होतं. ती कुठंच पाहत नव्हती. बाजूच्या बाईला वाटलं असेल, थकली. मी भट्टीपुढं बसलेला माणूस आहे, मला समजलं. तेवढाच पीळ द्यायचा अन् थांबायचं, समोरच्याचा ताव निघेपर्यंत. तेवढा वेळ ती थांबली. मग तिनं उरलेलं पाणी पिळून काढलं, बोटं पुसली अन् पुढचा गोंद ओढला.